फिर्यादीच न्यायाधीश

अमेरिकेंत २०१५ सालीं चेंडूंतील हवेवरून एक तंटा उपस्थित झाला. तो दीड वर्ष चालला. त्यांत नामांकित वकील उभे राहिले, शेंकडों पानांचे अहवाल लिहिले गेले, दोन न्यायालयांनीं परस्परविरुद्ध निकाल दिले. आणि ज्या साध्या प्रश्नापासून हें सर्व सुरू झालें त्याचें खात्रीलायक उत्तर मात्र अखेरपर्यंत कोणासच मिळालें नाहीं. त्या तंट्याची हकीकत आज मला आपणांस सांगावयाची आहे. हकीकत खेळाची आहे. पण तींतून निघणारा प्रश्न खेळापुरता नाहीं. आरोप करणारा, चौकशी करविणारा, शिक्षा देणारा आणि त्या शिक्षेवरील अपील ऐकणारा हे सारे एकाच घरचे असले, आणि चौकशी पुरी होण्यापूर्वींच तींतील गोष्टी बाहेर फुटून लोकांच्या कानीं गेल्या, तर सत्याची काय वाट लागते, हा तो प्रश्न आहे.

प्रथम खेळाविषयीं दोन शब्द. अमेरिकन लोक ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपल्याकडील मैदानांवर दिसणारा फुटबॉल नव्हे. त्यांचा चेंडू लांबट व दोन्ही टोकांना निमुळता असतो, आणि तो पायापेक्षां हातानेंच अधिक खेळला जातो. चढाई करणाऱ्या संघाचीं सूत्रें ज्या खेळाडूच्या हातीं असतात त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. पुढें धांवत जाणाऱ्या सोबत्याकडे चेंडू अचूक फेंकणें हें त्याचें मुख्य काम. बत्तीस संघांची मिळून नॅशनल फुटबॉल लीग ही संस्था बनली आहे. संघांचे मालक तिचा एक मुख्याधिकारी नेमतात. त्याला कमिशनर ही पदवी आहे. २००६ सालापासून या जागेवर रॉजर गुडेल हे गृहस्थ होते.

आपल्या कथेचा नायक टॉम ब्रेडी हा न्यू इंग्लंड पेट्रियट्स या संघाचा क्वार्टरबॅक. २००० सालीं नव्या खेळाडूंची निवड झाली तेव्हां त्याचा क्रमांक १९९ वा होता. अशा मागल्या रांगेंतून पुढें येऊन २०१५ च्या आरंभापर्यंत त्यानें आपल्या संघाला तीन वेळां अजिंक्यपद मिळवून दिलें होतें. अर्थात् त्याचे चाहते पुष्कळ होते आणि द्वेष्टेहि तितकेच. त्याच्या संघाच्या लौकिकालाहि एक डाग होता. २००७ सालीं प्रतिस्पर्ध्यांच्या खुणांचें नियमबाह्य चित्रण केल्याबद्दल संघाला अडीच लक्ष डॉलर व त्याच्या मुख्य शिक्षकाला पांच लक्ष डॉलर दंड झाला होता. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. कारण एकदां लबाड ठरलेल्याविषयींची दुसरी बातमी लोक तपासून घेत नाहींत.

या खेळांत एक चमत्कारिक चाल आहे. चढाई करतांना प्रत्येक संघ स्वतःचे चेंडू वापरतो. त्यांतील हवेचा दाब दर चौरस इंचास साडेबारा ते साडेतेरा पौंड असला पाहिजे, असा नियम आहे, आणि सामन्यापूर्वीं मुख्य पंचानें तो तपासावयाचा असतो. थंडीपावसांत किंचित् मऊ चेंडू हातांत चांगला बसतो, असें खेळाडू सांगतात. तेव्हां पंचाची तपासणी झाल्यावर कोणी हळूच हवा काढली तर ती लबाडीच होय.

१८ जानेवारी २०१५ रोजीं मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील फॉक्सबरो येथें पेट्रियट्स आणि इंडियानापोलिस कोल्ट्स यांचा उपांत्य सामना झाला. कोल्ट्सच्या मंडळींनीं सामन्याआधींच लीगकडे संशय कळविला होता. पूर्वार्धांत पेट्रियट्सचा एक चेंडू त्यांच्या हातीं लागला, त्यावरून तक्रार झाली, आणि मध्यंतरांत दोन पंचांनीं दोन निरनिराळ्या दाबमापकांनीं पेट्रियट्सचे अकरा चेंडू मोजले. अकराहि चेंडू साडेबारा पौंडांच्या खालीं भरले. एका मापकावर त्यांची सरासरी ११.४९ आली, दुसऱ्यावर ११.११. कोल्ट्सचे मात्र चारच चेंडू मोजून होतात तोंच मध्यंतर संपलें. आणि त्या चारांपैकीं तीन चेंडूहि एका मापकावर साडेबाराच्या किंचित् खालींच होते. पेट्रियट्सच्या चेंडूंत पुन्हां हवा भरण्यांत आली. पूर्वार्धांत त्यांचे गुण १७ होते. उत्तरार्धांत, नियमाप्रमाणें भरलेल्या चेंडूंनीं, त्यांनीं आणखी २८ मिळविले आणि सामना ४५ विरुद्ध ७ असा जिंकला.

शाळेंत पदार्थविज्ञान शिकलेल्या श्रोत्यांच्या मनांत एक शंका एव्हांना आली असेल. ऊबदार खोलींत भरलेला चेंडू थंडींत नेला तर त्यांतील दाब आपोआपच उतरणार. ती शंका रास्त आहे. त्या संध्याकाळीं मैदानावर उष्णमान सुमारें ४८ अंश फॅरनहाइट होतें. चौकशीसाठीं नेमलेल्या शास्त्रज्ञांनींच हिशेब केला कीं, खोलींत साडेबारा पौंडांनीं भरलेला चेंडू तेवढ्या थंडीनें ११.३२ ते ११.५२ पौंडांपर्यंत उतरेल. आतां सामन्यापूर्वीं मुख्य पंचानें कोणता दाबमापक वापरला होता? दोन मापकांत सुमारें चार दशांश पौंडांचा फरक होता. पंचाला आठवत होतें त्याप्रमाणें पहिला मापक वापरला असेल, तर ११.४९ ही सरासरी निव्वळ थंडीनें आलेली ठरते. दुसरा वापरला असेल, तर ११.११ हा आकडा थंडीनें पुरता उलगडत नाहीं. आणि सामन्यापूर्वींचे आकडे कोणी लिहूनच ठेवले नव्हते! एका मनुष्याची अब्रू अशा रीतीनें एका पंचाच्या स्मरणशक्तीवर आणि एका दशांश अपूर्णांकावर येऊन टेकली होती.

परंतु हे आकडे त्या वेळीं लोकांना ठाऊक कोठें होते? लोकांना ठाऊक झाला तो निराळाच आकडा. सामन्याच्या दुसऱ्या दिवशीं लीगनें पेट्रियट्सला पत्र धाडलें. त्यांत एक चेंडू अवघा १०.१ पौंड भरल्याचें आणि कोल्ट्सचे तपासलेले सर्व चेंडू नियमांत बसल्याचें लिहिलें होतें. दोन्ही विधानें पंचांनीं केलेल्या मोजणीशीं जुळत नव्हतीं. पुढें दोन दिवसांतच ईएसपीएन या क्रीडाविषयक दूरचित्रवाणी-संस्थेच्या एका वार्ताहरानें लीगमधील सूत्रांच्या हवाल्यानें बातमी दिली कीं, बारांपैकीं अकरा चेंडू प्रत्येकीं दोन पौंडांनीं कमी होते. प्रत्यक्षांत साडेबारापेक्षां पुरे दोन पौंड कमी असा चेंडू अकरांत एकच निघाला होता, आणि तोहि एकाच मापकावर. दोन पौंडांची घट थंडीनें होत नाहीं हें कोणालाहि कळतें. म्हणून ज्यानें ती बातमी ऐकली त्याच्या मनांत निकाल त्याच क्षणीं लागला.

लीगजवळ खरे आकडे होते. पेट्रियट्सच्या वकिलानें ते प्रसिद्ध करा, निदान ही खोटी बातमी खोडून काढा, अशी लेखी मागणी केली. लीगनें तसें केलें नाहीं. खरे आकडे जगापुढें आले ते मे महिन्याच्या ६ तारखेस, म्हणजे साडेतीन महिन्यांनीं. तोंपर्यंत अजिंक्यपदाचा अंतिम सामना होऊन गेला होता, ब्रेडीच्या संघानें तो २८ विरुद्ध २४ असा जिंकलाहि होता, आणि अमेरिकेंतील घरोघर त्या विजयाची थट्टा चालू होती.

फुटलेल्या बातमीचें खरें विष येथें आहे. ती देणाऱ्याला नांव नसतें; म्हणून तिच्या खरेपणाची जबाबदारी कोणावर नसते. ती ज्याच्याविरुद्ध असते त्याला प्रतिज्ञेवर उलटतपासणी घेण्यास कोणी सांपडत नाहीं. आणि ज्या संस्थेंतून ती फुटली त्या संस्थेला पुढें मागें फिरणें कठीण होतें. कारण लोक शिक्षेची वाट पाहत बसलेले असतात. एवढ्या गवगव्यानंतर 'कांहींच घडलें नाहीं' असें म्हणण्याचें धैर्य कोण दाखवील?

चौकशीचें काम टेड वेल्स या न्यूयॉर्कच्या नामांकित वकिलाकडे सोंपविण्यांत आलें. ती स्वतंत्र चौकशी असल्याचें जाहीर झालें. अहवाल २४३ पानांचा निघाला. आतां दुसऱ्या बाजूसहि न्याय दिला पाहिजे. अहवालांत ब्रेडीविरुद्ध कांहींच नव्हतें असें नाहीं. पंचांच्या खोलींतून मैदानाकडे चेंडूंची थैली नेणारा संघाचा नोकर वाटेंत सुमारें शंभर सेकंद स्वच्छतागृहांत शिरून दार लावून बसला होता. हाच नोकर आपल्या सोबत्याला धाडलेल्या संदेशांत स्वतःला हवा काढणारा म्हणवीत होता, आणि ब्रेडीकडून मिळणाऱ्या सह्यांच्या व जोड्यांच्या भेटींचा त्या संदेशांतून उल्लेख होता. ब्रेडीनें चौकशीला तोंड दिलें, परंतु आपल्या मोबाइल फोनवरील संदेश देण्याचें नाकारलें. या सर्वांवरून संशय येणें स्वाभाविक आहे. मात्र अहवालाचा निष्कर्ष कोणत्या शब्दांत आला तें ऐकण्यासारखें आहे. दोघां नोकरांनीं हवा काढली असण्याचा संभव, ती न काढली असण्यापेक्षां अधिक आहे. आणि त्यांचे गैरप्रकार ब्रेडीला निदान सर्वसाधारणपणें माहीत असण्याचा संभव, माहीत नसण्यापेक्षां अधिक आहे. संभवावर संभव रचून ही इमारत उभी होती.

तिच्या बळावर ११ मे रोजीं शिक्षा जाहीर झाली. संघाला दहा लक्ष डॉलर दंड झाला आणि पुढील दोन वर्षांच्या निवडींतील एकेक हक्क गेला. ब्रेडीला चार सामन्यांची बंदी झाली. संघाच्या मालकानें अपील न करण्याचें ठरविलें, आणि जुलै अखेर आपण लीगवर विश्वास टाकला ही चूक झाली असें जाहीरपणें सांगितलें. ब्रेडीनें मात्र खेळाडूंच्या संघटनेमार्फत अपील केलें.

आतां हें अपील ऐकावयाचें कोणी? लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यांत २०११ सालीं जो करार झाला होता त्याच्या ४६ व्या कलमानें, खेळाच्या सचोटीस बाधक अशा वर्तनाबद्दल शिक्षा देण्याचा अधिकार कमिशनरला होता. आणि त्या शिक्षेवरील अपील स्वतः ऐकण्याचा अधिकारहि कमिशनरलाच होता. शिक्षेच्या पत्रावर सही त्यांच्या दुय्यम अधिकाऱ्याची होती, पण अधिकार त्यांचाच. संघटनेनें विनंती केली कीं, या प्रकरणीं आपण बाजूस व्हावें आणि त्रयस्थ नेमावा. गुडेल यांनीं ती नाकारली. २३ जून रोजीं न्यूयॉर्क येथें अपिलाची सुनावणी झाली. ज्या वेल्स यांनीं 'स्वतंत्र' चौकशी केली त्यांच्याच पेढींतील एक भागीदार त्या दिवशीं लीगच्या वतीनें साक्षीदारांना प्रश्न विचारीत होते. लीगचे मुख्य कायदेपंडित जेफ पॅश यांनीं प्रसिद्धीपूर्वीं अहवालाचा मसुदा वाचून त्यावर सूचना केल्या होत्या, हेंहि साक्षींत बाहेर आलें. परंतु त्या पॅश यांची साक्ष घेण्यास ब्रेडीच्या वकिलांना परवानगी मिळाली नाहीं. चौकशींतील टिपणेंहि मिळालीं नाहींत.

२८ जुलै रोजीं कमिशनरनीं आपलाच निर्णय कायम केला. इतकेंच नव्हे, तर तो अधिक कडक केला. पूर्वीं ब्रेडीला 'सर्वसाधारणपणें माहीत होतें' असें होतें. आतां त्यानें त्या कटाला संमति दिली आणि भेटवस्तूंनीं उत्तेजनहि दिलें, असें ठरलें. हें पातक कामगिरी वाढविणारीं उत्तेजक औषधें घेण्याच्या तोडीचें आहे, असेंहि सांगण्यांत आलें. आणि निर्णयाबरोबर जी बातमी सर्वांत पुढें आली ती फोनची होती: वेल्स यांच्यासमोर जबानी झाली त्याच सुमारास ब्रेडीनें आपला जुना फोन नष्ट करविला होता! ही गोष्ट खरी होती आणि ती त्याला शोभली नाहीं. पण तिचा दुसरा भाग फारसा कोणी ऐकला नाहीं. आपण नवा फोन घेतला कीं जुना नष्ट करवितों, ही आपली नेहमींची रीत आहे, असें त्यानें शपथेवर सांगितलें होतें. आणि संदेश न दिल्यास शिक्षा होईल अशी सूचना आपण ब्रेडीला कधींच दिली नव्हती, असें वेल्स यांनीं स्वतःच साक्षींत कबूल केलें होतें.

तंटा न्यायालयांत गेला. न्यायमूर्ति रिचर्ड बर्मन यांच्यापुढील कागदपत्रांत सुनावणीची संबंध जबानी ४ ऑगस्ट रोजीं जशीच्या तशी सर्वांस वाचावयास मिळाली. सात महिने निनावी बातम्यांवर पोसलेल्या लोकांपुढें प्रथमच प्रश्न आणि उत्तर, दोन्ही शब्दशः आलें. फुटलेली बातमी आणि उघडी नोंद यांतील अंतर तेव्हां दिसून आलें. एकींत निवडक तुकडा असतो. दुसरींत आरोपीचें म्हणणेंहि असतें.

३ सप्टेंबर २०१५ रोजीं न्यायमूर्ति बर्मन यांनीं शिक्षा रद्द केली. ब्रेडी निर्दोष आहे असें मात्र त्यांनीं म्हटलें नाहीं. त्यांचीं कारणें तीन होतीं. दुसऱ्यानें केलेली गोष्ट 'सर्वसाधारणपणें माहीत' असल्याबद्दल चार सामन्यांची बंदी होऊं शकते, अशी पूर्वसूचना कोणत्याहि खेळाडूला नव्हती. पॅश यांची साक्ष घेऊं दिली नाहीं. आणि चौकशीचे कागद एका बाजूस मिळाले, दुसऱ्या बाजूस मिळाले नाहींत.

लीगनें वर अपील केलें. २५ एप्रिल २०१६ रोजीं तीन न्यायमूर्तींपैकीं दोघांनीं, म्हणजे बॅरिंग्टन पार्कर व डेनी चिन यांनीं, खालचा निकाल फिरवून शिक्षा पुन्हां कायम केली. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, हा लवादाचा निवाडा आहे. तो बरोबर कीं चूक हें पाहणें न्यायालयाचें काम नव्हे; करारानें दिलेल्या अधिकाराच्या कक्षेंत तो आहे किंवा नाहीं, एवढेंच पाहावयाचें. कमिशनरनें स्वतःच्याच निर्णयावर अपील ऐकावें ही व्यवस्था विचित्र वाटली तरी खेळाडूंच्या संघटनेनें तिला सही दिली आहे. ती नको असती तर करार करतांना बदलून घ्यावयाची होती. तिसरे न्यायमूर्ति, मुख्य न्यायाधीश रॉबर्ट कॅट्झमन, यांनीं मात्र भिन्नमत लिहिलें. ज्या आरोपाबद्दल मूळ शिक्षा झाली त्याहून निराळ्या आरोपावर अपिलांत ती कायम करतां येत नाहीं, असें त्यांना वाटलें. शिवाय शिक्षेचें प्रमाण त्यांना खटकलें. चेंडूवर पकड बसावी म्हणून अंगाला चिकट पदार्थ लावणाऱ्या खेळाडूला पहिल्या गुन्ह्याबद्दल त्या सुमारास ८,२६८ डॉलर दंडाची तरतूद होती. ती चेंडूवरील पकड वाढविण्याचीच लबाडी. तिला दंड, आणि हिला चार सामन्यांची बंदी असें कां, याचें समाधानकारक उत्तर त्यांना कमिशनरच्या निर्णयांत सांपडलें नाहीं.

१३ जुलै २०१६ रोजीं फेरविचाराचा अर्ज नामंजूर झाला आणि दोनच दिवसांनीं ब्रेडीनें लढा थांबविल्याचें जाहीर केलें. त्यानें चार सामने घरीं बसून काढले. त्यांतील तीन त्याच्या संघानें त्याच्याविना जिंकले. पुढें ५ फेब्रुवारी २०१७ रोजीं ह्यूस्टन येथील अंतिम सामन्यांत २८ विरुद्ध ३ असा मागें पडलेला त्याचा संघ ३४ विरुद्ध २८ असा विजयी झाला, आणि ज्या कमिशनरनें शिक्षा दिली होती त्यांच्याच हस्ते संघाच्या मालकाला चषक स्वीकारावा लागला. प्रेक्षकांनीं कमिशनरची हुर्यो केली. नाटकाच्या दृष्टीनें हा शेवट झकास खरा. पण तो न्यायाचा शेवट नव्हे. मैदानावरील विजयानें हवेचा प्रश्न सुटत नाहीं.

श्रोते हो, आतां या सर्वांतून काय निघतें तें पाहूं. ब्रेडी दोषी होता कीं निर्दोष, हें मी आपणांस सांगत नाहीं. तें सांगतां येईल अशी व्यवस्थाच तेथें नव्हती, हेंच माझें म्हणणें आहे. कायद्यानें लीग जिंकली, यांत संशय नाहीं. पण जिंकून तिला काय मिळालें? शिक्षेचा हेतु केवळ अपराध्याला दुःख देणें हा नसतो. जो पाहतो त्याला 'हें योग्य झालें' असें वाटणें हाहि तिचा हेतु असतो. येथें ब्रेडीच्या चाहत्यांना शिक्षा सूडाची वाटली, आणि त्याच्या द्वेष्ट्यांना एका चुकीच्या आकड्यावरून तो आधींच दोषी वाटत होता. निकालानें एकाचेंहि मत बदललें नाहीं.

इंग्लंडांत १९२३ सालीं ससेक्स परगण्यांत मोटारीच्या अपघाताचा एक क्षुल्लक खटला चालला होता. न्यायाधीश विचारासाठीं आंत गेले तेव्हां त्यांच्याबरोबर न्यायालयाचा कारकूनहि आंत गेला. हा कारकून ज्या वकिलांच्या पेढींत होता ती पेढी अपघातांतील विरुद्ध पक्षाचें काम पाहत होती. त्यानें आंत चकार शब्दहि काढला नव्हता, ही गोष्ट सर्वांस मान्य होती. तरीहि लॉर्ड ह्यूअर्ट यांनीं ती शिक्षा रद्द केली. न्याय झाला एवढ्यानें भागत नाहीं, तो झालेला स्पष्ट दिसलाहि पाहिजे, हें तत्त्व त्या निकालापासून सर्वतोमुखीं झालें. एक मुका कारकून जेथें चालला नाहीं, तेथें स्वतः फिर्यादी न्यायासनावर बसलेला कसा चालावा?

त्रयस्थ नेमल्यानें शिस्त ढिली होते, अशी भीति अधिकाऱ्यांना नेहमीं वाटते. त्या लीगच्याच इतिहासांत तिचें उत्तर आहे. २०१२ सालीं न्यू ऑर्लिन्सच्या संघावर, प्रतिस्पर्धी जायबंदी करण्यासाठीं बक्षिसें ठेवल्याचा याहून कितीतरी गंभीर आरोप आला होता. त्या वेळीं खेळाडूंचें अपील ऐकण्यास गुडेल यांनीं आपल्यापूर्वींचे कमिशनर पॉल टॅग्लिअब्यू यांना नेमलें. टॅग्लिअब्यू यांनीं चौकशींतील निष्कर्ष बहुतांशीं खरे मानले. परंतु दोष मुख्यतः शिक्षकांकडे जातो असें पाहून चारहि खेळाडूंच्या शिक्षा रद्द केल्या. त्यानें लीग बुडाली नाहीं. उलट तो तंटा तेथेंच मिटला. दुसरा मनुष्य, केवळ दुसरा असल्यामुळें, पाहिल्याला न दिसलेली गोष्ट पाहूं शकतो.

पुढें कांहीं सुधारणा झाल्या. २०१५ च्या हंगामापासून चेंडूंना क्रमांक देऊन सामन्यापूर्वीं प्रत्येकाचा दाब लिहून ठेवण्याचा नियम झाला. हीच नोंद आदल्या वर्षीं असती तर सारा तंटा एका संध्याकाळींच मिटला असता. त्या हंगामांत थंडींत व ऊन्हांत चेंडूंचा दाब किती बदलतो याच्याहि तपासण्या झाल्या; पण ते आकडे लीगनें प्रसिद्ध केले नाहींत. २०२० च्या नव्या करारानें खेळाडूंच्या वैयक्तिक वर्तनाच्या प्रकरणीं पहिला निर्णय दोन्ही पक्षांनीं मिळून नेमलेल्या त्रयस्थानें द्यावा असें ठरलें. परंतु अपील पुन्हां कमिशनरकडे किंवा त्यांनीं नेमलेल्या मनुष्याकडेच जातें. २०२२ सालीं डेशॉन वॉटसन या खेळाडूला त्रयस्थ न्यायाधीशांनीं सहा सामन्यांची बंदी दिली असतां लीगनेंच त्यावर अपील केलें, आणि शेवटीं तडजोडीनें ती बंदी अकरा सामन्यांची झाली. त्या प्रकरणांतील आरोप फार निराळे व गंभीर होते, आणि ती वाढ योग्यच झाली असें पुष्कळांना वाटलें. पण दाराची किल्ली कोणाकडे राहिली हें त्यावरून कळतें.

ब्रेडीजवळ कीर्ति होती, पैसा होता, खेळाडूंची बलाढ्य संघटना पाठीशीं होती. तरी त्याला चार सामने गमवावे लागले आणि नांवावरचा डाग पुसतां आला नाहीं. ज्याच्याजवळ यांतील कांहींच नाहीं अशा एखाद्या कारकुनाचें, शिक्षकाचें किंवा कारखान्यांतील कामगाराचें अशा व्यवस्थेंत काय होईल? आपल्यांतील पुष्कळजण कोठें ना कोठें, गृहसंस्थेच्या कमिटीवर, शाळेच्या मंडळावर, कचेरींत वरिष्ठ म्हणून, दुसऱ्याच्या वर्तनाचा निवाडा करण्याच्या जागीं बसतात. त्या जागीं चार साध्या गोष्टी पाळण्याजोग्या आहेत. आरोप करण्यापूर्वीं मोजमाप लिहून ठेवावें. चौकशी चालू असतां तोंड मिटून धरावें, आणि तरीहि खोटी गोष्ट बाहेर फुटली तर ती त्याच दिवशीं आपणच खोडून काढावी. जे कागद आपण पाहिले ते ज्याच्यावर आरोप आहे त्यालाहि दाखवावे. आणि आपण दिलेल्या शिक्षेविरुद्ध कोणी दाद मागूं लागला, तर ती ऐकण्याच्या खुर्चीवर आपण बसूं नये. नियमानें ती खुर्ची आपली असली तरीहि बसूं नये. आपल्याहून निराळ्या मनुष्याला बसवावें. असें केल्यानें आपला अधिकार कमी होत नाहीं. आपल्या निर्णयावर लोकांचा विश्वास बसतो, आणि अधिकाराला टिकावयाचें असेल तर त्याला तोच आधार लागतो.